तिसरं गेट

उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीत
एकच निळी केबल होती, तिच्यावर सगळे:
भट्टीचं तापमान, लॅडल कलवणारी मोटर,
हजेरीचं यंत्र, ऑफिसातला प्रिंटर,
आणि दिवाळीनंतर मालकांनी बसवलेले सोळा कॅमेरे,
ज्यांतून ते घरबसल्या शिफ्ट बघायचे.

स्विचकडं भेदभाव नव्हता.
आधी आला तो आधी गेला.
डेअरीपुढं किटल्या लावतात तसे
सगळ्यांचे निरोप ओळीत.
मला ते आवडायचं, खरं सांगते.
न्याय म्हणजे असंच काहीतरी असणार, वाटायचं.

मग एका गुरुवारी, रात्रपाळीत,
साचा काठोकाठ भरला. सेन्सरनं पाहिलं,
म्हणाला, थांब.
एवढाच शब्द, दोन अक्षरांचा.
तो ओळीत उभा राहिला
सोळा कॅमेऱ्यांच्या मागं,
ज्यांच्या पोतडीत बंद फाटक होतं, झोपलेलं कुत्रं होतं,
आणि कुणाची तरी स्कूटर, नंबर वाचता येईल इतकी स्वच्छ.

लोखंडाचा रस ओळीत थांबत नाही.

मोनाप्पा सुळगेकर मागं उडाला.
बुटावर पडलं, बोटभर.
इरण्णा ओरडला, "निल्सु! निल्सु!"
आणि मोटर थांबली.
तिनं इरण्णाचं ऐकलं, असं रात्रपाळीला अजून वाटतं.
तिनं सेन्सरचंच ऐकलं होतं. उशिरा.

दवाखान्यात त्यानं विचारलं,
"किती लेट झालं गे?"
"नव्वद. सेकंदाचे हजार भाग केले तर
त्यातले नव्वद."
तो डोळे मिटून उघडून बघत बसला,
एकदा, परत एकदा.
"एवढ्यात पापणी बी मिटत नाही पुरती."
मी म्हटलं, हो.
दुसरं काय म्हणणार.

घरी जाताना तिसरं गेट आठवलं,
पूल व्हायच्या आधीचं.
परीक्षेला निघालेली मी, काकाच्या लुनावर;
शेजारी पोलिसांची जीप, उसाचे दोन ट्रॅक्टर,
वऱ्हाडाचा टेम्पो, त्यात मुहूर्ताला घाबरलेला भटजी,
आणि रूळ मोकळे. मच्छेपर्यंत काही नाही.
"उघड की रे, कुठं आलीया गाडी?"
गेटमन मराठीतल्या शिव्या आणि कन्नडमधल्या
सारख्याच शांतपणे ऐकायचा.
"बरतैती," म्हणायचा. मग आमच्यासाठी,
"येऊलालीय."
मी पेपरला अकरा मिनिटं उशिरा पोचले.
शिवी मीही दिली होती.

आता स्विचमध्ये मी गेट बसवलंय.
दर मिलिसेकंदाला पडतं.
कॅमेरे, प्रिंटर, हजेरी, सगळे अलीकडं;
कुणाचं चित्र रुळावर अर्धं अडकू नये
म्हणून त्यांना जरा आधीच अडवते.
मग उरते एक फट,
त्या एका शब्दासाठी राखलेली,
आणि बहुतेक वेळा ती रिकामीच जाते.

मालकांचा फोन आला. चित्र अडखळतंय.
"तुमच्याच आलेखात केबल मोकळी दिसते,
मग आम्हाला थांबवता कशाला?"
तोंडातून निघून गेलं: येऊलालीय.
"काय?"
काही नाही साहेब, म्हटलं, उद्या येऊन समजावते.

मोनाप्पा कामावर आलाय, नव्या बुटात.
जुना त्यानं टाकला नाही,
पॅनेलच्या वर ठेवलाय, भोक आमच्याकडं करून.
आता लॅडल भरताना तो
आधी उभा राहायचा त्याहून एक पाऊल मागं असतो.
मी त्याला आलेख दाखवला. सगळं वेळेत, बघ.
त्यानं बघितलं, मान हलवली,
"चांगलं केलीस," म्हणाला,
आणि जाऊन उभा राहिला
तिथंच, एक पाऊल मागं.